अहमदपूरहून उशिरा लागलेला फोन

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा चहा पिता पिता हसते. चिंचेखालची बाई, स्कूटरच्या मागच्या सीटवरून नाहीसा होणारा पाहुणा... राग मानू नका, पण मी तीसेक वर्षं नर्स होते. गेलेली माणसं मी या हातांनी पुसली आहेत, त्यांच्या हनुवटीला पट्ट्या बांधल्या आहेत. त्यातलं एकही परत मला भेटायला आलं नाही. दोन-चार तर अशी होती की यायला हवी होती, तीही आली नाहीत!

तेव्हा माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता असं मी म्हणणार नाही. ‘नव्हता’ कशाला, आजही नाही. आणि तरीही हे लिहून राहिले.

आमचं घर लोह्याचं, बौद्ध. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. अंगारा, उतारा, देवऋषी यातलं काही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की ते मला मुद्दाम बघायला पाठवायचे आणि स्वतःचं मनगटी घड्याळ माझ्या हातात द्यायचे. "किती मिनिटं चाललं ते लिहून आण," म्हणायचे. मी बापडी खरंच लिहून आणायची. वेळ टिपून ठेवायची ही खोड मला तेव्हापासूनची. हे आधीच सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट घड्याळावर उभी आहे.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. गावभर पाट्या रंगवायचं काम चाललेलं. दुकानांवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून 'जि. लातूर' लिहून राहिले होते. आमच्या दवाखान्यातले शिक्के मात्र जुनेच होते, म्हणून प्रत्येक केसपेपरवर शिक्का मारायचा आणि जिल्हा पेनने खोडायचा, हे एक वाढीव काम माझ्या बोकांडी बसलेलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही. कुणाला बोल लावायला हे लिहीत नाहीये, आणि लावायचाच तर पहिला मला लागेल.

नवा जिल्हा आला, पण पाणी काही आलं नाही. तो उन्हाळा... देवा नको! (सवयीनं तोंडात येतं हो, एवढं चालवून घ्या.) नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही करंगळीएवढं. दवाखान्याला रोज सकाळी टँकर यायचा. टँकर आला की मावशा, वॉर्डबॉय, सिस्टर, सगळे बादल्या घेऊन पळायचे.

माझी ड्युटी कमी दिवसांच्या बाळांच्या खोलीत होती. चार बाळं, एक काचेची पेटी. पेटीत सगळ्यात नाजूक बाळ, बाकीची तिघं बल्बखाली कापसात. आतासारखी सतत टिटटिट करणारी यंत्रं नव्हती. श्वास चालू आहे की नाही, हे डोळ्यांनी बघायचं. कमी दिवसांचं बाळ श्वास घ्यायचं विसरतं — खरंच विसरतं, दुसरा शब्द नाही. मग तळपायाला टिचकी मारायची, पाठ चोळायची, की 'अरे हो' म्हटल्यासारखं पुन्हा सुरू होतं. टिचकी वेळेवर मारली तर.

आणि खोलीचा पहिला नियम म्हणजे आयांना आत प्रवेश नाही. जंतू येतात म्हणून. आईनं बाहेर व्हरांड्यात बसायचं, स्टीलच्या वाटीत दूध काढायचं, वाटीच्या बुडाला नावाची चिकटपट्टी, मी वाटी आत नेणार आणि नळीने थेंब थेंब पाजणार. आयांनी फक्त काचेतून बघायचं. हा नियम माझ्याइतका कडक कुणी पाळला नसेल. माझा आवाज आला की व्हरांड्यातल्या बाया पदर सावरून उभ्या राहायच्या आणि मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. आता लाज वाटते.

पेटीतलं बाळ शमीमचं होतं. सातव्या महिन्यात झालेला मुलगा, सव्वा किलो. शमीम अहमदपूरची, वीस-एकवीस वर्षांची, नवरा शिलाईकाम करायचा. आधीची दोन पोटातच गेलेली. म्हणजे हे बाळ गेलं असतं तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको. सासू सोबत होती. ती तर उघडच म्हणायची, "जितने दिन की साँस लिखी उत्ती लेगा, क्या करते."

शमीम दिवसभर खिडकीला नाक लावून उभी. ओली बाळंतीण, पाय सुजलेले, पण बसायची नाही. दोनदा तिने काचेवर टकटक केलं. "सिस्टरबाई, त्याच्या पोटाकडं बघा की जरा... हालंना झालंय." दोन्ही वेळा मी गेले, टिचकी मारली, बाळाने श्वास घेतला. आणि दोन्ही वेळा बाहेर येऊन मी तिला काय म्हणाले असेन? "काचेवर हात मारू नको, डाग पडतात." हे मी म्हणाले. या तोंडाने.

मग टँकर एका दिवसाआड झाला आणि वरून आदेश आला — पाणी पुरत नाही, नातेवाइकांनी दवाखान्यात मुक्काम करू नये. आमच्या वॉर्डची यादी मी केली. ज्या बाळंतिणींना डिस्चार्ज मिळाला होता, त्या कागदावर पेशंट नव्हत्या. पेशंट बाळ. मग आई कोण? मी बेलाशक लिहून टाकलं, नातेवाईक.

यादी वाचून दाखवली तेव्हा शमीम म्हणाली, "मी नातेवाईक हाय व्हय, सिस्टरबाई?"

"कागदावर तसंच असतं," मी म्हणाले. "आणि इथं थांबून तू करतेस काय? आत तर येता येत नाही. बाळाला दूध लागतं, तू नाही लागत. सकाळच्या पहिल्या गाडीने नवऱ्यासोबत बर्फाच्या थर्मासमधून दूध पाठव. झालं."

तिची सासू खूशच झाली. चाळीस दिवस न झालेल्या बाळंतिणीनं परक्या गावी व्हरांड्यात लोळावं, हे तिला मुळीच पसंत नव्हतं. शमीम खिडकीपाशी गेली, काचेवरचे आपल्या हाताचे डाग ओढणीने पुसले आणि निघाली.

दोन दिवस दूध आलं. नवरा बिचारा पहाटेची गाडी धरून यायचा, थर्मास द्यायचा, काचेतून बघायचा, परत जायचा. दूध आलं म्हणजे आई आली, असंच आम्ही धरून चाललो होतो. व्हरांडा रिकामा, फरशी स्वच्छ. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

तिसरा दिवस. आता वेळा नीट लक्षात घ्या. माझ्या नोंदवहीत होत्या तशाच सांगते.

बारा वाजता पेटीतलं बाळ ठीक. रंग चांगला, श्वास चांगला. एक वाजता सकाळी आलेलं दूध पाजलं, नंतरही ठीक. मी पंधरा मिनिटं तिथंच होते. सव्वाला बाहेर आरडाओरड झाली, टँकर आला! सकाळी यायचा तो दुपारी आला होता. वॉर्डातली कोंडाबाई मावशी आधीच बादली घेऊन पळालेली. उकळलेलं पाणी संपत आलं होतं, वाट्या धुवायला थेंब नव्हता. बाळांना एकटं सोडायचं नाही हे मला कळत होतं. पण पाच मिनिटांत काय होतंय, म्हणून मी पण दोन बादल्या उचलल्या आणि गेले.

एक पंचवीसला ऑफिसातल्या क्लार्कने खिडकीतून हाक मारली. "सिस्टर, ट्रंक कॉल! अहमदपूर! तुमच्याच नावाने आहे!"

मी जाम वैतागले. माझा नंबर आता कुठे आलेला, बादली निम्मी भरलेली. ओल्या चपलांनी फटक फटक करत ऑफिसात गेले, मनात दोन सणसणीत वाक्यं तयार करून. रिसीव्हर उचलला. लाईनमध्ये नुसती खरखर. आणि त्या खरखरीतून शमीमचा आवाज, जिवाच्या आकांताने:

"सिस्टरबाई, मेरे बच्चे कू हलाव! पैले हलाव, बाताँ बाद में!"

"कोण? शमीम? अगं, काय झालंय तुला—"

"पैले हलाव!"

मला ओळखणारा कुणीही सांगेल की मी अशा वेळी काय करणारी बाई आहे. मी वाद घालणारी. 'बाळ चांगलं आहे, आत्ताच बघून आले, फोन ठेव' म्हणणारी. त्या दिवशी मी रिसीव्हर टेबलावर तसाच टाकला आणि पळत सुटले. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

बाळ निळं पडलं होतं.

ओठ, नखं, कानाच्या पाळ्या... पोट हलत नव्हतं. पेटीची झडप उघडली, तळपायाला टिचक्या मारल्या. काही नाही. पाठ चोळली. नाही. मी ओरडले, "डॉक्टर!" आणि बाळ उचलून त्याच्या इवल्याशा नाकातोंडावर तोंड ठेवून हलकी फुंकर घातली. एक, दोन, तीन... चौथ्या फुंकरीला त्याने हातपाय आखडले आणि मांजराच्या पिल्लासारखा आवाज काढला. डॉक्टर आले तोवर ओठ गुलाबी होऊ लागले होते. मी मात्र तिथंच फरशीवर बसले.

"अजून दोनेक मिनिटं उशीर झाला असता तर..." डॉक्टर म्हणाले. "तुम्ही नेमक्या कशा आलात?"

मी म्हणाले, "फोन आला."

दहा मिनिटांनी आठवण झाली तेव्हा ऑफिसात गेले. लाईन कधीच तुटली होती. म्हणजे तिकडे शमीमला काहीच माहीत नाही. बाळ आहे का गेलं, काहीच नाही. त्या बाईने पुढचे तास कसे काढले असतील, याचा विचार आजही मला नीट करवत नाही.

ती पाचच्या सुमारास आली. दुसऱ्या कुणाची वाट न बघता मिळेल ती गाडी धरून, नवरा मागे धावत आलेला. तोंडावर धूळ, ओढणी एका खांद्यावर, कपडे दुधाने भिजून वाळलेले. दारात आली आणि थांबली. नुसतं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आहे," मी म्हणाले. "आहे गं, बाई. आहे."

मग ती रडली. आणि लिहायला संकोच वाटतो, पण मीही रडले. तिच्या नवऱ्याच्या, मावशीच्या समोर... ज्या सिस्टरला सगळा वॉर्ड टरकायचा, ती.

त्या दिवशी मी नियम मोडला. माझ्या वाट्याच्या बादलीतून एक तांब्या पाणी घेतलं, साबण दिला आणि तिच्याकडून कोपरापर्यंत हात धुवून घेतले. एक तांब्या! ज्या पाण्यासाठी मी तिला गावी पाठवलं होतं, ते एवढंच होतं. ओपीडीतली लाकडी खुर्ची ओढून आणली. धुतलेला गाऊन तिला घालायला दिला आणि बाळाला उघड्या अंगाने तिच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून गाऊन, त्यावर ओढणी. तसं करतात हे मी कुठे शिकले होते असं नाही. पेटीत परत ठेवायला माझा हात होईना, एवढंच. बाळ छातीला चिकटलं आणि गप झालं. तिची बोटं त्याच्या पाठीवर होती, आणि तिच्या श्वासाबरोबर त्याची पाठ वर-खाली होत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी बघितलं. आता माझी नोकरी जाते म्हणून मी जीव मुठीत धरून उभी. त्यांनी बाळाच्या अंगाची ऊब मोजायला सांगितली. पेटीत राहायची त्यापेक्षा चांगली होती. मग म्हणाले, "पाण्याच्या यादीचं काय करणार? तिथं हिचं नाव नातेवाईक म्हणून आहे."

"खोडते," मी म्हणाले. "तसंही रोज जिल्हा खोडतेच आहे."

हसले ते. "खोडा. आणि लिहा, आई, उपचारासाठी."

त्यानंतर बाळ श्वास विसरलं नाही असं नाही. विसरलं, चार-पाच वेळा. पण दर वेळी शमीमला माझ्याआधी कळलं, कारण ते तिच्या अंगावरच होतं. ती बोटाने पाठ चोळायची आणि 'ए राजा, साँस ले' म्हणायची, की झालं. आठवड्यात बाकीच्या तिघींनाही बोलावून घेतलं. चार खुर्च्या, चार तांबे. वॉर्डात जंतूंनी काही धुमाकूळ घातला नाही.

इथवरची गोष्ट तुम्हाला सरळ वाटेल. 'आईला कळलं, आईचं काळीज असतं तसं,' असंच म्हणाल. कोंडाबाई मावशी हेच म्हणाली. मीही तेच म्हणून सोडून दिलं असतं. पण बुकिंगची चिठ्ठी माझ्या हाती पडली.

आजच्या मुलांना सांगायला हवं. तेव्हा नंबर फिरवला आणि फोन लागला, असं नसायचं. परगावी बोलायचं तर पोस्टात जाऊन ट्रंक कॉल बुक करायचा, ते चिठ्ठीवर वेळ टाकून देणार, आणि मग लाईन मिळेपर्यंत बाकड्यावर बसून राहायचं. अर्धा तास, दोन तास, कधी सगळा दिवस.

शमीमच्या ओढणीच्या गाठीला ती चिठ्ठी होती. दोन दिवसांनी तिने सहज म्हणून माझ्या हातात दिली, "हे फेकू का?" मी वेळ बघितली. सवय!

बुकिंगची वेळ अकरा पन्नास.

मी तिला समोर बसवलं आणि खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, "मी घरी दूध काढून राहिले होते. रोज काढते तसंच. पन कसं सांगू... गार उतरलं, सिस्टरबाई. माझ्याच अंगातून, आन बर्फावानी गार. वाटी हातातून पडली. मला वाटलं, त्याचा श्वास गेला. तशीच उठले."

सासू आडवी आली होती. "चालीस दिन नै हुए, बाहर कां निकली?" म्हणून दारात उभी राहिली होती. शमीम तिच्या बाजूने निसटून पोस्टात गेली. जन्मात फोनला हात लावला नव्हता. पोस्टमास्तरांनीच दवाखान्याचा नंबर शोधला.

मी वेडीवाकडी गणितं करून बघितली. चिठ्ठीवर वेळ चुकीची पडली असेल? लोह्याला जायची माझी गाडी अहमदपूरवरूनच जायची. पुढच्या सुट्टीला मी तिथं उतरले, पोस्टात गेले. पोस्टमास्तर वयस्कर, सरळ माणूस. त्यांनी वही उघडून दाखवली. अकरा पन्नास. आधीचा कॉल अकरा चाळीसचा, नंतरचा बारा पाचचा. मध्ये कुठे खाडाखोड नाही.

"लक्षात आहे ना ती बाई," ते म्हणाले. "बाकड्यावर बसली नाही, उभीच. सासू मागून ओढायची, घरी चल म्हणून. लाईन काही मिळेना. मी दोनदा विचारलं, बाई, कॅन्सल करू का? न्हाई म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती पण थकली होती. हाव म्हणणारच होती, तेवढ्यात घंटी वाजली."

आता बघा. अकरा पन्नासला बाळाला काहीही झालेलं नव्हतं. बाराला मी स्वतः बघितलं, एकला बघितलं, सव्वापर्यंत मी तिथं उभी होते. ज्या गोष्टीसाठी ती धावली, ती गोष्ट दीड तास पुढे होती. काळजाला कळतं म्हणता ना? जे झालंच नाही ते काळजाला कुठून कळणार?

तरी हेही मी एकवेळ सोडून देईन. काळजीत असलेली आई, तिला दिवसातून दहादा तसंच वाटत असेल, त्यातलं एकदा खरं निघालं. वडील असते तर हेच म्हणाले असते. पण माझी झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने.

समजा, तिला लाईन लगेच मिळाली असती. बारा वाजता फोन वाजला असता. मी बाळाला बघितलं असतं, ते चांगलं गुलाबी. मग मी त्या पोरीला काय काय ऐकवलं असतं! 'लोकांची कामं खोळंबवतेस, वेड लागलंय का, पुन्हा फोन करशील तर याद राख.' फोन आपटला असता. आणि सव्वाला बादल्या घेऊन टँकरवर गेले असते. एक पंचवीसला मला बोलवायला कुणी नसतं. मी तिथं रांगेत, हसत-भांडत उभी, आणि आत ते बाळ...

म्हणजे नुसतं तिला कळून भागत नव्हतं. लाईन दीड तास न लागणंही तेवढंच गरजेचं होतं. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. तिला कुणी सांगितलं, या प्रश्नाचं उत्तर मी एकवेळ मिळवीन. पण अहमदपूर ते लातूरच्या तारेला कुणी सांगितलं?

नंतर माझी बदली नांदेडला झाली, तिथंच निवृत्त झाले, तिथंच राहते. आता तर मोठ्या दवाखान्यांत आयांना बाळाजवळ बसायला चांगल्या आरामखुर्च्या असतात, छातीशी बाळ कसं बांधायचं ते शिकवतात. बघून बरं वाटतं. ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. शाई उडत आलीये, पण अकरा पन्नास वाचता येतं. खूप जणांना दाखवली. कुणी योगायोग म्हणतं, कुणी हात जोडतं. मला दोन्ही पटत नाही, आणि तिसरं काही सापडत नाही.

बाळ घरी न्यायच्या दिवशी मी शमीमला शेवटचं विचारलं होतं. बाळ तिच्या ओढणीत, गालांवर चक्क मांस चढलेलं. नवरा गाडीसाठी घाई करत होता. मी म्हणाले, "शमीम, खरं सांग. तुला कळलं कसं?"

तिने जराही विचार केला नाही. रागानेही बोलली नाही, अगदी साधं बोलली.

"मी आत असते, तर कळायची गरजच पडली नसती की, सिस्टरबाई."

तारेचं कोडं मला सुटलं नाही, सुटेल असं वाटतही नाही. पण हे वाक्य ऐकल्यावर मान खाली घालून मी तिच्या बाळाची चिकटपट्टी लावलेली वाटी तिच्या पिशवीत ठेवली होती, एवढं आठवतं.